उजवा कान

“हुडका,” सिदूतात्या म्हणाले आणि चौथऱ्याच्या कडेला टेकून त्यांनी बिडी पेटवली. “ह्या नंदीत एक जागा अशी हाय, जी नंदीची न्हाई. दिस कलायच्या आत घावली तर तिचं नाव सांगीन. न्हाई घावली तर उद्याचा चहा तुमच्याकडं.”

“जागा म्हणजे? सांधा?”

“निम्मं मीच सांगू व्हय? मग तुमी कशाला शिकलासा?”

नंदी काळ्या दगडाचा होता. बसलेला, माझ्या छातीइतका उंच, गळ्यातल्या घुंगरमाळेचा मणी न् मणी सुटा कोरलेला. सोनवळी गावात त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगत: शिंगांच्या टोकांपासून बैठकीपर्यंत तो एका दगडाचा आहे. सिदूतात्यांचे थोरले भाऊ दौलूअण्णा यांनी तो अठ्ठावीस वर्षांपूर्वी घडवला होता. अण्णांची दृष्टी आता पार गेली होती. दर सोमवारी ते सिदूतात्यांचा हात धरून देवळात येत, खांबाला टेकून बसत आणि नवखा पायरव कानी आला की विचारत, “कोन गावचं पाव्हणं?” गाव कुठलंही निघो, पुढचं वाक्य ठरलेलं असे. “नंदी बघा. एकसंध हाय. जोड न्हाई.”

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. भूशास्त्रात एम. एस्सी. झाले होते, आणि दगडकामातल्या मराठी शब्दांचा कोश करणाऱ्या एका समितीत मला दीड वर्षाची हंगामी नेमणूक मिळाली होती. समितीतली बाकी मंडळी जुन्या पुस्तकांतून शब्द वेचत. मी पाथरवटांकडे जाई. ओबडधोबड खांडकी आणि घडीव दगड यांत फरक कुठे पडतो, टाकी किती अंतरावर मारली तर पृष्ठभागाला काय म्हणतात, दगडांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, भरताना चुना किती दिवस मुरलेला लागतो, हे सगळं मी या दोन भावांकडून लिहून घेतलं. अण्णा शब्द सांगत, तात्या वस्तू हातात देत. शब्द मी परत म्हणून दाखवायचा, आणि उच्चार थोडा घसरला की अण्णा म्हणत, “पुन्यांदा.”

त्या दिवशी गुरुवार होता. अण्णा घरी होते. हे नंतर माझ्या लक्षात आलं की तात्यांनी वार बघून मला देवळात आणलं होतं.

मी भिंग काढलं. आमच्या भागातल्या काळ्या दगडात बारीक पांढुरक्या सुया असतात, स्फटिकांच्या. उन्हात त्या चमकतात. नंदीच्या पाठीवर, वशिंडावर, मानेवर, सगळीकडे त्या होत्या. पण तेलाचे आणि गंधाचे थर इतके बसले होते की दर इंचाला पुसावं लागत होतं. दीड तास गेला. तात्यांची तिसरी बिडी झाली.

“चहात आलं घालतासा का न्हाई?” त्यांनी विचारलं.

मी भिंग खाली ठेवलं. विहिरीवरून दोन कळशा पाणी आणलं, नंदीच्या डोक्यावरून ओतलं आणि त्याच्या अगदी समोर, गाभाऱ्याकडे पाठ करून उभी राहिले. ओला दगड सगळीकडून सारखा वाळत नाही. कपाळ आधी वाळलं, मग नाकपुड्या, मग शिंगं. माझ्या उजव्या हाताला जो कान होता, त्याच्या टोकाशी मात्र केसाएवढी एक ओली रेष मागे राहिली. कानाचा पन्हळ जिथे निमुळता होतो तिथे ती आडवी गेली होती. मी भिंग लावलं. रेषेच्या अलीकडे सुया होत्या. पलीकडे, दोन बोटं रुंदीच्या टोकात, एकही नव्हती. नुसती काळी भुकटी, घट्ट बसलेली.

“ही,” मी म्हणाले.

तात्यांनी बिडी चौथऱ्यावर विझवली. ते उठून आले आणि त्या टोकावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. मग हसले. मला त्या क्षणी झालेला आनंद मी विसरलेले नाही. परीक्षेत पहिली आले तेव्हाही तसा झाला नव्हता.

“जावई,” ते म्हणाले.

“काय?”

“ह्याला जावई म्हनत्यात. लाख, राळ आन् त्याच दगडाची भुकटी. गरम हाय तवरच बसवायचा, गार झाला की घासून घ्यायचा. घरचा दिसतो पन घरचा नसतो. मान द्यायचा, नीट बसवायचा, पन त्याच्यावर भार टाकायचा न्हाई. काय? बरोबर हाय का न्हाई जावयाचं?”

मी हसले. तेही हसले, आणि हसता हसता त्यांचा आवाज खाली आला.

“आमच्यातच बोलायचा सबूद हाय ह्यो. मालकाम्होरं म्हनायचं, ‘पाटील, दुपारी जावई येनार हायती.’ मंजी बाकीच्यांनी समजायचं, लाख तापवा. आमच्या बापाच्या तोंडचा सबूद.”

“हा कधी बसवला?”

“नंदी बसवायच्या दिवशी. गाडीतनं उतरवताना पहार माझ्या हातनं निसटली. अण्णा तापानं घरी पडलं हुतं. कानाचा टवका उडाला तवा मी एकलाच हुतो त्या बाजूला. खंडित मूर्ती पूजंला चालत न्हाई, म्हाईत हाय न्हवं? दोन वर्सं त्यांनी दुसरं काम घेतलं न्हवतं. डोळं तवाच जायला लागलं हुतं. दुसरा नंदी व्हनार न्हवता त्यांच्या हातनं.”

“त्यांना कळलं नाही कधी?”

“कसं कळंल? प्रतिष्ठा झाल्यावर घडवनाऱ्यानं मूर्तीला परत हात लावायचा न्हाई. देव वाजवून बघायचा नसतो.” त्यांनी कानावरून बोट काढलं. “बाई, सबूद लिवा. मी म्हातारा झालो, माझ्यासंगट जायला नको म्हनून दिला. पन ही जागा लिवू नका. अण्णाला कळता कामा न्हाई. ती एक गोष्ट सोडली तर मी त्यांच्याशी आयुष्यात खोटं बोललो न्हाई.”

“नाही लिहीत,” मी म्हणाले.

त्या रात्री मी वहीत नोंद केली. आमच्या शिक्षणात एक सवय हाडात मुरवलेली असते: नमुना कुठून घेतला हे ज्यावर लिहिलेलं नाही तो नमुना फेकून द्यायचा. मी लिहिलं: ‘जावई. तुटलेल्या भागी लाख, राळ व दगडाची भुकटी यांचं मिश्रण भरून केलेली बेमालूम दुरुस्ती. उदा. सोनवळी, महादेव मंदिर, नंदी, उजवा कान, टोक.’ वहीत लिहिलं म्हणजे छापलं असं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आणि पुढे सव्वा वर्षाने मुद्रितं माझ्याकडे आली तेव्हा ती ओळ काढायला पेन्सिल टेकवलीही होती. कोशात तीनशे चाळीस शब्द होते. त्यातले तीनशे एकोणचाळीस पुस्तकांतून किंवा कुणाच्या तरी तोंडून आले होते. ह्या एकाचं उदाहरण मी स्वतः, माझ्या डोळ्यांनी शोधलं होतं. कोश पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत जाणार, सोनवळीत कोण वाचतो, असं मी मनाशी म्हणाले. दोघा भावांपैकी एकाला दिसत नव्हतं आणि दुसऱ्याला वाचता येत नव्हतं.

पेन्सिल मी बाजूला ठेवली.

पुस्तक निघालं तेव्हा पहिली प्रत मीच सोनवळीला पाठवली. आत लिहिलं, ‘दौलूअण्णा व सिदूतात्या यांस, कृतज्ञतापूर्वक.’

चार महिन्यांनी शाळेतल्या केंगार गुरुजींचं पत्र आलं. अक्षर वळणदार होतं. अण्णांनी रोज संध्याकाळी गुरुजींकडून कोश वाचून घेतला, अकरा संध्याकाळी लागल्या, काही दुरुस्त्या आहेत, आणि एका शब्दाबाबत अण्णांना माझ्याशी समक्ष बोलायचं आहे, सोमवारी यावं. समितीने दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या मागवल्याच होत्या. मी गेले. पत्रातल्या ‘एका शब्दाबाबत’ या दोन शब्दांनी माझी झोप उडाली होती, हेही खरं.

एस.टी.च्या थांब्यावर तात्या उभे होते. दोन वर्षांत ते वाकले होते. माझी पिशवी त्यांनी घेतली नाही, पूर्वी घेत. आम्ही नदीच्या वाटेला लागलो.

“तुमी सबूद दिला हुता,” ते म्हणाले.

“हो.”

“मी तिथंच बसलो हुतो, गुरुजी वाचत हुतं तवा. अण्णा माझ्या शेजारी.”

“तात्या, मी...”

“ऱ्हाऊ द्या.” ते थांबले. “देवानं राखलं. तुमचं चुकलं त्यात.”

“काय चुकलं?”

“उजवा लिवलाय.”

मला एका क्षणात कळलं. मी नंदीसमोर उभी राहून माझ्या उजव्या हाताचा कान लिहिला होता. पण मूर्तीचं अंग सांगताना मूर्तीचं डावं-उजवं धरायचं असतं. पाथरवटाचं पोरही ते जाणतं. मूर्तीच्या हिशेबाने तो कान डावा होता. मी तीनशे चाळीस शब्दांच्या व्याख्या केल्या आणि ही साधी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, कारण ती सांगावी लागते असं कुणाला वाटलंच नव्हतं.

“अण्णांनी दुसऱ्या सकाळी देवळात न्यायला लावलं,” तात्या सांगू लागले. “तीस वर्सांत हात लावला न्हवता, त्या दिवशी लावला. उजवा कान वाजवला. खणखणीत. मला म्हनाले, ‘सिद्या, रातभर माझ्या जिवाला घोर लागला हुता, माफ कर.’ माझीच माफी मागितली त्यांनी.” ते पुन्हा चालायला लागले. “तवा बाई, आता गप ऱ्हावा. अण्णा तोंड सोडतील. सोडू द्या. चुकलं म्हना आन् चहा पिऊन जावा. यवढं करा.”

“करते,” मी म्हणाले.

देवळात अण्णा खांबाला टेकून बसले होते. गुरुजी शेजारी, मांडीवर माझा कोश, कानावर पेन्सिल. दोघे-तिघे म्हातारे पारावरून उठून आत आले होते. एक बाई नंदीच्या कानाशी तोंड नेऊन काही पुटपुटत होती. गावातल्या बायका गाऱ्हाणं त्याच्याच कानात सांगत. ती जाईपर्यंत अण्णा थांबले.

“कानिटकरबाई का? या. बसा. वाळल्यासा म्हनत्यात ही मंडळी.”

“नमस्कार अण्णा.”

“पुस्तक बेस केलंय. गुरुजी, सांगा किती चुका निघाल्या.”

“नऊ,” गुरुजी म्हणाले.

“तीनशे चाळिसात नऊ. मंजी घडाई बरी हाय. ओळंब्याची तऱ्हा चुकीची लिवलीय, ती गुरुजी सांगतील. आता धाव्वी.” त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली. “जावई हा सबूद कुनी दिला?”

“म्या दिला,” तात्या म्हणाले.

“ते कळलंच मला. घरातला सबूद भाईर गेला. जाऊ दे, आता घरात तरी कोन हाय बोलायला? पोरं यंत्रावर फरश्या कापत्यात.” म्हातारे हसले. “पन बाई, नंदीचा कान कुटनं काढलासा तुमी?”

मी नंदीकडे पाहिलं.

“धरा रं मला.” तात्यांनी हात दिला. अण्णा नंदीपाशी गेले. त्यांनी कनवटीचा एक गोटा काढला, नदीतला, लिंबाएवढा. डाव्या हाताने नंदीचं कपाळ चाचपत ते उजव्या कानापर्यंत गेले आणि टोकावर गोटा वाजवला. आवाज स्वच्छ उठला आणि गाभाऱ्यापर्यंत गेला.

“ऐकलंसा? काय म्हनतो कान?”

“घंटी हाय, अण्णा,” एक म्हातारा म्हणाला.

“शिकलेल्या बाईला तेवढंच ऐकू येत न्हाई!” दुसरा म्हणाला, आणि पुन्हा हसू झालं.

मी तोंड उघडलं. शब्द तयार होता. चुकलं माझं, एवढं म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

“चुकलं असंल,” अण्णा माझ्या आधी म्हणाले. आवाज आता मऊ होता. “हजार गोष्टी लिवायच्या मंजी व्हतं. फकस्त ह्या चौघांम्होरं म्हना, की न बघता लिवलं. गुरुजी तसंच मांडतील. ‘सदर नोंद न बघता केलेली हाय.’ संपलं.”

“मी बघून लिहिलंय,” मी म्हणाले.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“मग खोटं लिवलंय,” अण्णा म्हणाले.

“नाही.”

“अण्णा, ऱ्हाऊ द्या,” तात्या घाईने म्हणाले. “बाई लांबनं आल्या. चुकलं त्यांचं, कबूल हाय त्यांना. व्हय का न्हाई, बाई?”

“तू गप रं, सिद्या. माझ्यावर काय लिवायचं ते लिवू द्या. पन ह्यो माझा भाऊ. ह्याच्या हाताला मी छिन्नी दिली. जावई बसवला असता तर माझ्यापाशी येऊन रडला असता ह्यो. त्याच्यावर आळ घेतलाय बाईनं. म्हना, बाई. न बघता लिवलं.”

सगळे माझ्याकडे बघत होते. ज्याला दिसत नव्हतं तोही. माझ्या डोळ्यांसमोर ती ओली रेष होती, केसाएवढी, आणि तिच्या पलीकडची ती निर्जीव भुकटी. मी दोन कळशा पाणी ओतलं होतं. मी दीड तास भिंग धरलं होतं. पुढे अनेक वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते पटकन तोंडातून गेलं. तसं नव्हतं. मी विचार केला. तात्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसत होता.

“माझा उजवा,” मी म्हणाले. “मी समोर उभी होते.”

गुरुजींनी पेन्सिल कानावरून काढली होती, ती तशीच हातात राहिली. बाहेर नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

अण्णांचा हात अजून उजव्या कानावर होता. तो सावकाश सुटला. कपाळावरून, दोन शिंगांच्या मधून, पलीकडे गेला. त्यांनी दुसरा कान मुळापासून टोकापर्यंत बोटांनी पाहिला. बोटांना काही लागलं नसावं. काम तेवढं चांगलं होतं. मग त्यांनी गोटा टेकवला. एकदाच. हळू.

आवाज बद्द आला. भिजल्या लाकडावर टिचकी मारावी तसा.

अण्णांनी दुसऱ्यांदा वाजवलं नाही. गोटा चौथऱ्यावर ठेवला आणि तो गडगडू नये म्हणून त्यावर तळवा धरून उभे राहिले.

“कवा?” त्यांनी विचारलं.

“बसवायच्या दिवशी,” तात्या म्हणाले. “तुमाला ताप हुता.”

“लाख कुनी तापवली?”

“मीच.”

“तीस वर्सं,” अण्णा म्हणाले. “दर सोमवारी हिथं बसून मी लोकास्नी सांगत हुतो. आन् तू माझा हात धरून शेजारी बसत हुतास.”

 तात्यांनी हात पुढे केला; घरी जायची वेळ झाली की करत तसाच. अण्णांना तो जाणवला असणार, कारण त्यांनी आपला हात मागे घेतला.

“गुरुजी,” ते म्हणाले, “हात द्या. आन् लिवून घ्या. बाईंचं बरोबर हाय. उजव्याचा डावा करा.”

मग माझ्या दिशेला न बघता ते म्हणाले, “चहा घेतल्याबिगर जाऊ नका.”

चहा कुणी केला नाही. थांब्यापर्यंत मी एकटीच आले.

बाकीचं मला गुरुजींच्या पत्रांतून कळत गेलं. नंदी खंडित आहे हे गावाला अण्णांनी स्वतः सांगितलं. पंचांना तो ठेवायचा होता, तीस वर्षं गाऱ्हाणी ऐकली त्याने, आता काय, असं बायकाही म्हणाल्या. अण्णा ऐकेनात. बारा जणांनी तो उचलून डोहात सोडला. नवा नंदी बाहेरून आणला, यंत्रावर कापलेला, चकचकीत. तात्या लेकीकडे मिरजेला राहायला गेले. अण्णा त्यानंतर तीन वर्षं होते, पण देवळात गेले नाहीत. त्यांना खांदा द्यायला तात्या आले तेव्हा शेवटी अण्णा काही म्हणाले का, असं त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी नाही म्हणून सांगितलं.

गुरुजींखेरीज मला कुणीच काही लिहिलं नाही, आणि दोष देणारं एक अक्षरही त्या पत्रांत नव्हतं. समितीने माझी नेमणूक कायम केली. मी तिथूनच निवृत्त झाले.

कोशाची दुसरी आवृत्ती पुढच्याच वर्षी निघाली. ‘जावई’ एकशे सव्विसाव्या पानावर आहे. उदाहरण तेच आहे. ‘उजवा कान’ काढून तिथे ‘डावा कान (मूर्तीचा)’ असं केलं आहे. मुद्रितं मीच तपासली. त्या पानावर आता एकही चूक नाही.